इंदूच्या जाळ्यातली भोके

देवगडच्या बंदराबाहेर आगबोट थांबली तेव्हा माझ्या पोटात काही उरले नव्हते आणि अंगात उसने अवसानही नव्हते. पडावात (उतारूंना किनाऱ्यावर नेणाऱ्या मोठ्या होडीत) उतरताना खलाशाने माझा हात घट्ट धरला, पण एक चप्पल समुद्राने घेतली.

"बाई, दुसरी पण टाका. एकीचो काय उपेग?" तो म्हणाला.

सल्ला पटण्यासारखा होता. मी देवगडला अनवाणीच पाय ठेवला.

येण्याचे कारण असे. माझ्या एका मैत्रिणीने मुंबईत धाग्यांच्या कलाकृतींचे प्रदर्शन भरवायचे मनावर घेतले होते. विणलेले, वळलेले, गाठी मारलेले, भिंतीवर टांगण्याजोगे काहीही तिला चाले, फक्त अंथरता-पांघरता येता कामा नये. कुणकेश्वरजवळच्या इंदू नावाच्या मुलीने काथ्यातून केलेले मोठे काम तिला हवेच होते. "तुला सुट्टी आहे, तू घेऊन ये," असे म्हणून तिने मला बोटीत बसवले. मी शाळेत गणित शिकवते. कलेतले मला यथातथाच कळते, पण सामान नीट सांभाळते अशी माझी ख्याती आहे.

पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायला आल्या होत्या. दुसऱ्या दिवशीची परतीची बोट चुकली की काम प्रदर्शनाला पोहोचत नव्हते, आणि मुंबईत पहिल्यांदा लोकांसमोर येण्याची इंदूची संधी हुकत होती.

बंदरावर आंब्याच्या पेट्यांची एवढी गर्दी होती की माणसांनीच अंग चोरून चालावे. नव्या चपला घेतल्या, त्या लगेच चावू लागल्या. खाडी तरीने ओलांडली आणि पुढे वाळूतून, सुरूच्या सावलीतून चालत संध्याकाळी इंदूच्या घरी पोहोचले.

इंदू पंचविशीची, काटक, कमी बोलणारी. मामाकडे मुंबईला राहून ती चित्रकला आणि हातमाग शिकली आणि मग सरळ गावी परत आली. "तिथे रेशीम होतं, लोकर होती. पण माझ्या हाताला त्यांचा वासच येईना," ती म्हणाली. तिच्या हाताला येणारा वास मला मागच्या पडवीत आला. खाडीच्या चिखलात महिनोन् महिने कुजवलेली सोडणे (नारळाची सालपटे) तिथे वाळत होती. वास कसला, दणकाच तो! ती ठोकून काथ्या मोकळा करायचा, मांडीवर वळून बारीक सुतळी करायची, आणि जाळे विणायच्या बांबूच्या सुईने गाठीमागून गाठ मारत जायचे. कागदावर आधी काही काढत नाही, असे ती म्हणाली. पहिली ओळ जमली नाही तर सगळे उसवते.

काम बाहेर दोन माडांच्या मध्ये टांगले होते. ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढल्यामुळे त्याचा रंग गडद तांबडा झाला होता. पुरुषभर उंचीचे जाळेच ते, पण गाठींची दाटी कमी-जास्त करून तिने त्यात लाटा उठवल्या होत्या. त्यात पाच मोठी भोके होती, कडा तुटल्यासारख्या, मधले सर्वांत मोठे. मी ती बघते आहे हे इंदूच्या लक्षात आले.

"बाबांची होडी आली नाही. जाळं तेवढं वाळूत येऊन पडलं. मी लहान होते, पण भोकं कुठे कुठे होती ते माझ्या डोळ्यांपुढून गेलं नाही."

मी बोटीची वेळ विचारली.

इंदूची आई दोन महिने थोरल्या मुलीच्या बाळंतपणाला गेली होती, ती काळोख पडल्यावर परतली; इंदूचे हे काम तिने पाहिलेच नव्हते. "खंयसून इलात, बाई? बसा, जेवान घेवा," म्हणून तिने उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा पुढे ठेवला. बोटीने रिकाम्या केलेल्या पोटाला त्याहून चांगले काही मिळाले नसते.

सकाळी लवकर मी आणि इंदू पेठेत गेलो, काम गुंडाळायला गोणपाट आणायला. परत आलो तर आई माडाखाली बसली होती, हातात बांबूची सुई, मांडीवर इंदूचे जाळे. चार भोके पांढऱ्या सुती दोऱ्याने सांधून झाली होती. या किनाऱ्याची रीतच आहे: दारात फाटके जाळे दिसले की ज्याला सवड त्याने सांधायला बसायचे, कोणाचे म्हणून विचारायचे नाही.

"फाटकां जाळां टांगून खंय गेल्लंस गो?" आई वर न बघता म्हणाली.

इंदूने धावत जाऊन एक गाठ नखाने उकलून पाहिली. गाठी पक्क्या बसल्या होत्या. त्या कापायच्या तर शेजारचे विणकाम सुटणार, आणि दुपारी बोट.

"आये, ती भोकां मी मुद्दाम ठेवलेली!"

सुई थांबली. "ठाऊक आसा माका. पयल्या दोनांक कळूक नाय. तिसऱ्याक हात थांबलो. ह्यां तुझ्या बापाशीचां जाळां."

"मग थांबलंस कित्याक नाय?"

"तेव्हा तरी खंय थांबललंय? तो येवक नाय, तरी जाळां सांधलंय आनी दुसऱ्याच्या होडयेर दिलंय. फाटक्या जाळ्यान पोरांची पोटां भरनत नाय."

इंदूच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले, रागाचे की कशाचे ते मी सांगू शकत नाही. मधले मोठे भोक अजून उघडे होते. ते आईच्या मांडीवर ढकलत ती म्हणाली, "मग ह्यां पण सांध. सगळांच सांध."

आईने सुई खाली ठेवली.

"नाय. ती सगळी तुमच्यासाठी सांधलंय. ह्यां एक माझ्यासाठी रवांदे."

मला रडू आले, आणि परक्याच्या अंगणात रडण्याचा आपल्याला काय अधिकार म्हणून मी गोणपाट उलगडू लागले. थोड्या वेळाने इंदू दुसऱ्या बाजूने गोणपाट धरायला आली. "असंच न्या," ती म्हणाली. गाठोडे आम्ही तिघींनी मिळून बांधले, आणि बोट मिळाली.

परतीच्या प्रवासात मला बोट लागली नाही. गाठोड्याला टेकून बसले होते. किनारा मागे जाताना वाटले, आपण पाहायला गेलो एक आणि पाहून आलो भलतेच.

मैत्रिणीने जाळे उघडून बराच वेळ पाहिले आणि समोरच्या भिंतीवर लावले. तांबड्या काथ्यावर ते पांढरे सांधे लांबूनही दिसत. लोक तिथे थांबत. एकदा एका गृहस्थांनी चष्मा पुसून मला विचारले, "बाकीची भोकं शिवली, मग हे मधलंच कसं राहिलं हो?"

"दोरा संपला असेल," मी म्हणाले.