राघोत्तमरावांची चिनी कार्डं

माझा आवाज मोठा आहे, हे मला सांगलीपासून ऐकवलं जातंय. चेन्नईत आल्यावर तोच उपयोगी पडला. वेस्ट मांबलमच्या आमच्या इमारतीत जिन्यावर उभी राहून मी गॅसवाल्याशी फोनवर भांडत होते. त्याला मराठी कळत नव्हतं, मला तमिळ येत नव्हतं, पण राग काही थांबत नव्हता. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं आणि पांढऱ्या वेष्टीतले, म्हणजे तिकडच्या लुंगीवजा धोतरातले, एक सडपातळ म्हातारे बाहेर येऊन म्हणाले, "मरहट्टी ऐकूं आली, म्हणून आलों. फोन इकडे द्या." त्यांनी दोन वाक्यं तमिळमध्ये बोलून सिलिंडर मिळवून दिला.

हे राघोत्तमराव. घराणं तंजावरचं, मराठी तिकडची, तीनशे वर्षं डब्यात बंद करून ठेवल्यासारखी. अड्यारच्या एका कायदा संस्थेच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं ग्रंथपाल होते. बायको सीतालक्ष्मी पाच वर्षांपूर्वी गेली. घरात ते एकटे, आणि जेवणाच्या टेबलावर एक लांबट लाकडी खोका. माझा नवरा सकाळी सात वाजता शोळिंगनल्लूरच्या ऑफिसला जातो तो दिवेलागणी उलटल्यावर येतो. मग काय, मराठी बोलायला मला ते आणि त्यांना मी. मला ते अक्का म्हणत, वयानं मी त्यांच्या मुलीएवढी असूनही.

खोक्यात काय आहे, हे मी तिसऱ्या दिवशी विचारलंच. आपल्याला काही पोटात ठेवता येत नाही.

"चीनचा कायदा," ते म्हणाले.

मी हसले. वाटलं, रिकामा वेळ, करतात काहीतरी. मग त्यांनी एक कार्ड काढून दाखवलं. पूर्वी ग्रंथालयांत असायची तशी जाड कार्डं, निवृत्त होताना कोरी उचलून आणलेली. त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं: नागरी संहिता, अंमल २०२१ पासून, मूळ चिनी पाठ सरकारी संग्रहात, इंग्रजी भाषांतर फक्त समजण्यापुरतं, न्यायालयात चालत नाही. अशी कार्डं पुढे एकशे बारा झाली, आणि ती सगळी एका मुलीसाठी होती.

त्यांचा एकुलता एक मुलगा गिरीधर चीनमध्ये चेंग्दूला नोकरीला होता. तिथलीच मुलगी केली. दोन वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या अपघातात गेला. तेव्हा राघोत्तमरावांच्या पायाचं हाड मोडून प्लॅस्टर होतं, जाता आलं नाही. अस्थी आणि सामान कंपनीच्या माणसानं आणून दिलं. नात तेव्हा पाच वर्षांची. तिला ते जयंती म्हणत. दर रविवारी गिरीधरच्या फोनवर ती दिसायची आणि आजोबांना जीभ काढून दाखवायची. गिरीधर गेला, तो नंबर बंद पडला आणि रविवारही बंद पडले.

"सुनेनें एक अक्षर लिहिलें नाहीं, अक्का," ते म्हणत. "एक अक्षर नाहीं."

हे वाक्य मी शंभर वेळा तरी ऐकलं असेन. दर वेळी माझ्या डोक्यात तिडीक जायची. मी त्या न पाहिलेल्या बाईला इतक्या शिव्या घातल्यात की काही विचारू नका.

तर त्यांना एवढंच शोधायचं होतं: मुलगा गेला, तर आजोबाला नातीला भेटायचा हक्क चीनच्या कायद्यात आहे की नाही? असला तर तिथल्या न्यायालयात जाऊन जयंतीला भेटायचं. वय एकाहत्तर. हातात वेळ किती, ते त्यांना माहीत होतं.

सुरुवातीला ते चुकले, आणि चूक अगदी आपल्याकडच्या कायद्यात मुरलेल्या माणसाची होती. आपल्याकडे वरच्या न्यायालयानं एकदा सांगितलं की खालच्यानं मान्य करायचं, म्हणून चौतीस वर्षं वकिलांना त्यांनी जुने निकालच काढून दिलेले. त्याच सवयीनं आठ महिने ते चिनी निकाल शोधत बसले. निकालांचं सरकारी संकेतस्थळ नोंदणीसाठी मोबाइल नंबर मागायचं आणि यांचा नंबर काही केल्या घ्यायचं नाही. पैसे भरून घ्यायचे संग्रह विद्यापीठांकडे, त्यांची दारं निवृत्त माणसाला बंद. जुन्या ओळखीनं कुणी दोन-चार निकाल पाठवले, तेव्हा कुठे कळलं की तिकडे एका निकालानं दुसरा न्यायाधीश सहसा बांधला जात नाही. आधी संहिता बघायची. संहितेत भेटीचा हक्क आहे, पण तो मूल ज्याच्याजवळ नाही त्या आईला किंवा बापाला. आजी-आजोबांचं नाव त्या कलमात नाही.

"आठ महिने व्यर्थ," असं म्हणून त्यांनी ती कार्डं फाडली नाहीत, मागे सरकवली. मी असते तर खोकाच गच्चीवरून फेकला असता.

मी त्यांना म्हणायचे, "अहो, एवढं करण्यापेक्षा कंपनीला विचारा ना, सुनेचा पत्ता द्या म्हणून!"

"पत्ता शेवटीं. आधीं कायदा," ते म्हणायचे. त्यांच्या कामाची ही रीतच होती. दुसरी रीत ते फार अभिमानानं सांगत: वाचकानें जें विचारलें, त्याचें उत्तर आधीं द्यावें, आपली विद्या मागाहून. मी म्हणे, छान, आता तुम्हीच वाचक आणि तुम्हीच ग्रंथपाल. ते हसत नसत. संध्याकाळी खिडकीशी बसून मांबलम स्टेशनवरच्या गाड्यांच्या घोषणा ऐकत. कुठल्या गाडीची वाट बघताय, असं मी एकदा थट्टेनं विचारलं आणि लगेच जीभ चावली.

या जानेवारीत एका सकाळी दार वाजलं. राघोत्तमराव केसरीची, म्हणजे तिकडच्या शिऱ्याची, वाटी घेऊन उभे, तूप अगदी वर तरंगत असलेलं.

"मिळालें, अक्का."

चीनच्या सर्वोच्च न्यायालयानं काही मोजके निकाल मार्गदर्शक म्हणून जाहीर केलेले असतात, आणि सारख्या प्रकरणात ते न्यायाधीशांना लक्षात घ्यावे लागतात. त्यात २०२४ चा एक होता. मुलगा वारलेल्या आजीनं सुनेविरुद्ध दावा केला होता आणि न्यायालयानं तिला नातवंडांना भेटायची परवानगी दिली होती. कार्ड क्रमांक एकशे तेरा. मी आधी रडले, मग केसरी खाल्ली.

त्याच दुपारी आम्ही अर्जाचा मसुदा करायला बसलो. ते सांगत होते, मी लॅपटॉपवर टाइप करत होते. त्या निकालाचं भाषांतर समोर होतं. त्यात सुनेचं नुसतं आडनाव, पुढे अमुक-अमुक.

"हे असं काय?" मी विचारलं.

"तिकडे छापतांना नांवें झाकतात. आपल्या अर्जांत मात्र पुरतें नांव लागेल."

"बरं, सांगा. सुनेचं नाव?"

"श्रीरंजनी."

मी टाइप केलं आणि थांबले. "अहो, चिनी मुलीचं नाव श्रीरंजनी?"

"तें आम्ही ठेवलेलें. लग्नांत ताटभर तांदूळ घेऊन गिरीधरनें अंगठीनें इंग्रजी अक्षरांत लिहिलें. तिनें वाचून दाखवलें. फार गोड वाचलें."

आता यात मी कोणत्या तोंडानं बोलणार? माझंही नाव सासरी असंच ताटातल्या तांदळात बदललं. माहेरच्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही, आणि मला त्याचं कधी काही वाटलंही नाही. मी विचारलं, "आणि आधीचं?"

नऊ वर्षं घरची सून, आणि तिचं नाव सासऱ्याला ठाऊक नाही. सीतालक्ष्मीही श्रीरंजनीच म्हणायची. गिरीधरही आईबापासमोर श्रीरंजनीच म्हणायचा. नातही यांची जयंती, तिकडे तिला काय म्हणतात देव जाणे.

राघोत्तमराव उठले आणि गिरीधरच्या सामानातून लग्नाच्या नोंदणीची लाल पुस्तिका घेऊन आले. आत दोघांचा फोटो आणि चिनी अक्षरं. मी त्यावर फोनचा कॅमेरा धरला. भाषांतर उमटलं, तसं मी मोठ्यानं वाचलं: "लुओ वेनजिंग."

"काय म्हणालां?"

"लुओ वेनजिंग."

त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं छातीत कळ आली. ते आतल्या खोलीत गेले आणि एक फाइल घेऊन आले. पाठीवर लिहिलेलं: 'कंपनी'. गिरीधर गेल्यावर त्या कंपनीच्या बऱ्याच मेल आल्या होत्या, सगळ्या चिनी भाषेत. कधीतरी कोणाकडून वाचून घेऊ म्हणून त्यांनी एकूणएक छापून, तारीखवार लावून ठेवल्या होत्या. फाइल उघडून वाचून घ्यायचं बळ मात्र त्यांना कधी झालं नाही. त्यांनी भराभर पानं उलटली. तीन पानांवर पाठवणाऱ्याचं नाव इंग्रजी अक्षरात होतं: लुओ वेनजिंग.

पहिली मेल गिरीधर गेल्यानंतर अकराव्या दिवसाची. मी तिच्यावर फोन धरला. भाषांतर तुटकमुटक होतं, पण कळायचं ते कळलं. "बाबा, तुमचा हा मेलचा पत्ता कंपनीकडून मिळाला. त्याचा फोन अपघातात फुटला. तुमचा नंबर त्यातच होता. मुलगी रविवारी टॅबसमोर बसून राहते आणि आजोबा का दिसत नाहीत असं विचारते. तुमचा नंबर कळवाल का?"

दुसरी मेल महिन्यानंतरची. तिसरी त्यानंतरची. तिन्हींत शेवटचं वाक्य तेच.

प्रत्येकीला त्यांचं इंग्रजी उत्तर टाचणीनं लावलेलं होतं. आलेल्या प्रत्येक चिनी मेलला ते हेच उत्तर पाठवत होते, कारण त्यांच्या लेखी त्या सगळ्या कंपनीच्या होत्या. मी ते वाचलं: "आपले पत्र मिळाले. माझ्या मुलासंबंधीच्या सर्व बाबतीत कृपया माझी सून श्रीमती श्रीरंजनी हिच्याशी संपर्क साधावा."

तीनदा. बिचारीनं तीनदा दार वाजवलं आणि तीनदा तिला सुनेकडे जा म्हणून सांगितलं. लग्नात एका दुपारी तांदळात वाचलेलं नाव तिला आठवलं तरी असेल का? आणि आठवलं असेल तर तिनं काय समजायचं? त्या बाईला मी घातलेली एकेक शिवी मला आठवायला लागली. लाज वाटली. खरंच लाज वाटली.

राघोत्तमराव रडले नाहीत. ते त्या टाचणीला हात लावून बसले. मग म्हणाले, "चौतीस वर्षें मी लोकांना हवें तें पान काढून दिलें, अक्का."

मी उठून कॉफी केली. तिला कुणी हात लावला नाही.

थोड्या वेळानं त्यांनी एक कोरं कार्ड घेतलं. वर लिहिलं, 'श्रीरंजनी', आणि खाली, 'पाहा: लुओ वेनजिंग'. एकाच गोष्टीची दोन नावं असली की ग्रंथालयात असं कार्ड करतात, म्हणाले. ते खोक्यात सगळ्यांत पुढे लावलं. मग मला म्हणाले, अर्ज पुसा.

"पुसू? अहो, दीड वर्ष..."

"पुसा. मेल करूं."

मी बोटं सरसावून बसले. मला वाटलं, आता माफी येईल, तांदळाची गोष्ट येईल, मी कसा आंधळा झालो ते येईल. त्यांनी आधी तिचं नाव सांगितलं, दोनदा तपासून घेतलं. मग स्वतःचा मोबाइल नंबर, देशाच्या आकड्यासकट.

"पुढे?"

"एवढेंच."

"अहो, काहीतरी लिहा! माफी तरी मागा!"

"तिनें नंबर विचारला होता," ते म्हणाले. "आधीं उत्तर. बाकी मागाहून, तिनें विचारलें तर."

मी मेल पाठवली. ती परत आली नाही, म्हणजे तो पत्ता अजून चालू असावा. याला आज तेवीस दिवस झाले. राघोत्तमराव फोन सदऱ्याच्या खिशात ठेवतात. रविवारी तर गाड्यांच्या घोषणांत तो ऐकू येणार नाही म्हणून खिडकीही लावून घेतात. रोज सकाळी आंघोळीला जाण्याआधी माझं दार वाजवून फोन माझ्या हातात देतात आणि सांगतात, "वाजला तर मोठ्यानें हाक मारा, अक्का. तुमचा आवाज ऐकूं येतो."

मी ओट्याशी उभी राहते, एका हातात फोन धरून. नळाचा आवाज थांबतो. ते ओल्या केसांनी येतात, मी फोन परत देते.