शिरडच्या त्या घराची कडी

शिजत्या हळदीचा वास आला की मला शिरड शहापूरची ती दुपार आठवते. मी आणि माझी थोरली बहीण मावशीकडे हळद काढायला गेलो होतो. त्याच्या चार वर्षं आधी एका माणसानं चांगलं स्थळ आहे म्हणून बहिणीला शहरात नेऊन कुंटणखान्यात विकलं होतं. पोलिसांनी तिला सोडवून आणलं, पण तो फरारच राहिला, आणि आमचं गाव बोट दाखवायचं ते तिच्याकडे. त्या दुपारी शेजारच्या घरातून एका माणसाचा आवाज आला आणि बहिणीच्या हातातलं घमेलं गळालं. “तोच हाय,” ती म्हणाली. शेजाऱ्यांच्या सोळा वर्षांच्या पोरीसाठी तो स्थळ घेऊन आला होता. बहीण तोंडावरचा पदर काढून थेट त्याच्यासमोर उभी राहिली. “वळखलं का? मला बी असंच स्थळ दाखवलं व्हतं.” तो दचकून मागच्या खोलीत शिरला. मी धावत जाऊन बाहेरून कडी घातली. पत्र्याची खोली, बिनखिडकीची. “दार उघडा, जीव गुदमरून राहिला माझा!” तो ओरडायला लागला. बहीण दाराला तोंड लावून म्हणाली, “मी बी असंच दार बडवत व्हते.” पोलीस यायला दोन तास लागले. त्यानं पाणी मागितलं, ते मी कुणाला देऊ दिलं नाही. आज तो तुरुंगात आहे. लोक मला सांगतात, आता मनातून काढून टाक. मी काढत नाही. ते दोन तास मला फार कमी वाटतात.