साडभाऊचा कोंडा

माझी बायको आणि तिची मोठी बहीण एकाच गावात दिल्या गेल्या, तेव्हा सासऱ्यांना वाटलं असेल की पोरी एकमेकींच्या आधाराला राहतील. त्या राहिल्याही. पण त्यापायी त्या मोठीचा नवरा, म्हणजे माझा साडभाऊ, जन्मभरासाठी माझ्या वाट्याला आला. पवनीकडचं आमचं गाव. दोघंही धान पिकवणारे, दोघांच्याही गोठ्यात गाई. फरक एवढाच की मला जे येतं ते मी करतो आणि त्याला जे येत नाही ते तो दुसऱ्यांना शिकवतो.

गेल्या वर्षी धान निघाल्यावर दोघांकडच्या वासरांचं दूध एकदमच तुटलं. माझी तीन, त्याची चार. माझ्या शेताला लागून बोडी आहे, लहानसा तलावच तो. पाणी मागे सरकलं की तिच्या काठाला चांगलं गवत राहतं. वासरांनी दिवसभर तिथं चरावं, पण नुसत्या गवतावर दूध तुटलेलं वासरू अंग धरत नाही, म्हणून सांजेला थोडी ढेप, म्हणजे तेल काढल्यावर उरणारी पेंड, आणि कोंडा द्यावा, असा माझा साधा विचार होता.

एका सकाळी तो अंगणात येऊन खाटेवर बसला.

"साडभाऊ, वेगवेगळं कायले करता जी? सातही वासरं तुमच्या बोडीवर ठेवू. तुमी जवसाची ढेप आना, मी राइस मिलमधून कोंडा आनतो. दोघाईचं बरोबर होते."

ढेप काय भावाने मिळते आणि कोंडा काय भावाने, हे न कळण्याइतका मी भोळा नव्हतो. मी तोंड उघडणार तोच बायको चहा घेऊन बाहेर आली. "बरंच होईन न. बाई पन म्हनत होती." बाई म्हणजे तिची बहीण. झालं, ठरलं.

सिमेंटची गव्हाण त्यानेच आणून ठेवली, तीही बांधावर, रस्त्यावरून दिसेल अशी. सकाळीच ती काठोकाठ भरायची. "एकेकाला बांधून, मापानं देऊ," असं मी म्हटलं, तर वासरांना फासावर द्यायला निघाल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं.

"बांधून खिलवाचे दिवस गेले, साडभाऊ. पोटभर खाऊ द्या. जनावराले आपली भूक समजते."

हे ज्ञान मोबाइलवरचं. कुठल्या मुलखातलं जनावर होतं, कुठल्या जातीचं, असं विचारलं तर गडी तोच व्हिडिओ पुन्हा लावी.

थोड्याच दिवसांत वासरांनी चरणं सोडलं. बोडीकाठचं गवत तसंच उभं आणि सातही वासरं गव्हाणीपाशी, त्याच्या मोटारसायकलच्या आवाजाकडे कान लावून. त्याचे दोन गोऱ्हे वयाने मोठे. ते आडवे उभे राहून खात. माझी धाकटी कालवड मागून मान घालायला गेली की बरगडीत ढुशी घेऊन परत फिरे. तो मात्र रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारून थांबवी. "पाहा, कसे खाऊन राहिले!" आणि लोक थांबत, माना डोलावत. खाणारं जनावर पाहून खूश होणारी माणसं आमच्याकडे पुष्कळ; त्यांची ढेप थोडीच जात होती! होळीपर्यंत पुरेल म्हणून मी आणलेली ढेप संक्रांतीच्या आतच तळाला गेली. त्याचा कोंडा मात्र संपता संपेना.

त्यातच कालवडीच्या पाठीची हाडं वर दिसायला लागली. शेणात न पचलेले, खरखरीत कण. एका दुपारी तो नसताना मी त्याच्या पोत्यात हात घातला. चांगला कोंडा मऊ असतो, बोटांना तेलकट लागतो. हा टोचत होता. मूठभर घेऊन बादलीतल्या पाण्यात टाकला आणि थांबलो. थोडासा खाली बसला. वर जाड थर तरंगत राहिला. धानाच्या टरफलांचा दळलेला भुसा! विटांच्या भट्टीत जाळतात तो.

तो आला तशी मी बादली पुढे केली. "हे काय आहे?"

त्याने बोट बुडवलं, भाजीचा रस्सा पाहावा तसं नाकाशी नेलं. "भुसा हाय थोडासा. फायबर पायजे न वासराईले."

"वासराईले का तुमच्या खिशाले?"

"तुमी लयच हिशोबी मानूस, बाप्पा. नात्यात असं बोलनं शोभते का?"

मिलवाल्याने फसवलं असं तो खोटं जरी बोलला असता, तरी मी त्याला थोडा मान दिला असता. खोटं बोलायलाही आधी लाज वाटावी लागते.

घरी बायको म्हणाली, "जाऊ द्या न. बाईच्या घरचं हाय. भांडन नका करू."

"भांडत नाही. वेगळा होतो."

दुसऱ्या दिवशी त्याची चार वासरं त्याच्या शेतात पोचवली, मागोमाग गव्हाणही. गावभर झालं की मी कंजूस. होऊ दे. माझी तिन्ही वासरं आधी गव्हाणीच्या रिकाम्या जागेपाशी उभी राहून हंबरली. मग भुकेने त्यांच्या माना गवताकडे वळवल्या. सांजेला तिघांना दूर दूर खुंट्यांना बांधून प्रत्येकाच्या घमेल्यात ढेप आणि हाताने पारखून आणलेला कोंडा मापाने देऊ लागलो. कालवड हळू खाई. तिचं होईपर्यंत मी तिच्याजवळ बसून राही. नवीन आणलेली ढेप सावकाश सरत गेली.

त्याच्या वासरांची पोटं भुशाने घागरीसारखी फुगली. बाजारात कुणा शहाण्याने ती पोटं पाहूनच दोन गोऱ्हे घेतले. "पोट पाहा म्हटलं, पोट!" असं तो चहाच्या टपरीवर सांगत होता आणि टपरीवरचे हसत होते. विकणाऱ्याची कीव करावी की घेणाऱ्याची, मला ठरवता आलं नाही.

माझ्या कालवडीची पाठ भरली. पण ती सोबतच्या दोघांपेक्षा ठेंगणीच राहिली. कोवळ्या वयात गेलेलं अंग पुढे भरून येत नाही. ढेप गेली त्यापेक्षा मला या गोष्टीचा राग जास्त आहे.

परवा बायको बहिणीकडून आली. ताट वाढता वाढता म्हणाली, "भाऊजीच्या मनात काही नाही म्हने आता. त्यायनं तुमाले माफ केलं."

मी हात धुतले आणि जेवायला बसलो.