ओलं गोणपाट

जावयाला कुणी बोलत नाही, ही आमच्याकडची सगळ्यात वाईट शिक्षा.

माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मेहुणी नुकती बारावी झालेली. नर्सिंगच्या प्रवेशासाठी तिची सोलापूरला मुलाखत होती, आणि दौंडहून सकाळची गाडी मिळाली तरच ती वेळेत पोचणार होती. सासरे तिला घेऊन त्यांच्या गावाहून, राहूहून, पहिल्या एसटीनं निघायचे होते. मीच मध्ये तोंड घातलं. "एसटी कशाला मामा? माझी जीप काय पुजायला ठेवलीय व्हय?" माझ्या गावाहून, तळेगाव ढमढेऱ्याहून, जीप घेऊन आलो होतो, सासुरवाडीत मिरवायची हौस, दुसरं काय!

जीप जुनी, सारखी तापायची. उन्हाळ्यात आम्ही जीपवाले रेडिएटरसमोर ओलं गोणपाट बांधायचो. कोरड्या वाऱ्यानं त्यातलं पाणी उडायचं, आत गार हवा जायची, इंजिन निवायचं. पण हे दिवस श्रावणाचे होते. दोरीवरचे कपडेसुद्धा दोन-दोन दिवस वाळत नव्हते. तरी मी ऐटीत गोणपाट भिजवून बांधलं, वर मेहुणीला त्यामागचं शास्त्रही ऐकवलं.

उसाच्या पट्ट्यात हवा नुसती चिकट. जीप ओढेना, इंजिनच्या तापमानाचा काटा चढत गेला आणि दौंड जवळ आलं असताना बॉनेटमधून भसाभसा वाफ आली. गोणपाट सोडलं, तर ते बांधताना होतं तसंच निथळत होतं. असल्या हवेत पाणी उडणार कुठं? उलट त्यानं समोरचा वाराही अडवला होता. इंजिन निवेपर्यंत थांबावं लागलं. स्टेशनात शिरलो तेव्हा गाडी गेलेली. पुढच्या गाडीनं जाऊन उपयोग नव्हता, मुलाखती तोवर संपणार होत्या. तिचं ते वर्ष गेलं.

सासऱ्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. पण ते म्हणाले, "हवाच दमट हाय पाव्हणं, गाडी तरी काय करंल?" परतताना मेहुणी मागच्या बाकावर बाहेर बघत बसली. मला आरशात बघायची छाती झाली नाही.

घरी जावयासाठी पुरणपोळी केली होती. सासूबाईंनी वाढायला तिलाच पाठवलं. तिचे डोळे सुजलेले होते. नको म्हणून मी ताटावर हात आडवा धरला. तिनं हात बाजूला व्हायची वाट पाहिली, पोळी वाढली, वर तूप सोडलं आणि रीतीप्रमाणं म्हणाली, "घ्या की दाजी, लाजू नका."