आप्पांची आणि माझी वायरमनची परीक्षा

वीज मंडळाच्या ऑफिसात साहेबांनी टेस्ट रिपोर्ट टेबलावरून परत आमच्याकडे सरकवला.

"सही कॉन्ट्रॅक्टरची आहे, ती पुण्यातल्या माणसाची. काम केलं कुणी?"

"आम्ही दोघांनी," आप्पा म्हणाले.

"तुमच्यापैकी परमिट कुणाकडे आहे?"

परमिट आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं.

टेस्ट रिपोर्ट म्हणजे घरातलं वायरिंग तपासून ठीक आहे असं लिहून दिलेला कागद. तो मंजूर झाल्याशिवाय मीटर बसत नाही. आणि वायरिंग करणाऱ्या माणसाकडे वायरमनचं परमिट लागतं. नियम जुनाच होता. शिरूरला तो कुणी कधी विचारला नव्हता. हे साहेब नवीन होते.

"पुढच्या परीक्षेपर्यंत मी चालवून घेतो," ते म्हणाले. "त्यानंतर परमिट नसेल तर रिपोर्ट आणू नका."

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. गावोगाव विहिरींवर मोटरा बसत होत्या, घरात दिवे येत होते. जगताप आप्पांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मी त्यांच्याकडे चार वर्षं काम करत होतो. आप्पा पन्नाशीला आलेले. तरुणपणी पुण्यात एका ठेकेदाराकडे काम शिकले आणि शिरूरला परत येऊन दुकान टाकलं. भिंतीवर सागवानी पट्टी ठोकून तिच्यावरून वायर न्यायची, त्याला आम्ही बॅटन वायरिंग म्हणायचो. आप्पांची पट्टी ओळंबा लावल्यासारखी सरळ. पण शिक्षण चौथी.

ऑफिसातून बाहेर पडल्यावर आप्पा मोटारसायकलजवळ थांबले. मग म्हणाले, "मधू, तू मॅट्रिक हाय. तू बस परीक्षेला. तुजं परमिट झालं की भागलं."

"आणि मी उद्या दुसरीकडं गेलो तर, आप्पा?"

मी हे सहज बोललो होतो. त्यांना ते लागलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन फॉर्म आणले.

परीक्षेत तीन भाग असायचे. एक लेखी पेपर, त्यात विजेची थिअरी आणि वायरिंगचे नियम. मग तोंडी आणि प्रॅक्टिकल. प्रॅक्टिकलची आम्हाला दोघांनाही काळजी नव्हती. थिअरी मात्र दोघांनाही येत नव्हती. माझ्या मावसभावानं दौंडच्या फर्नांडिस सरांचं नाव सांगितलं. ते रेल्वेत इलेक्ट्रिकल चार्जमन, म्हणजे विजेच्या कामावर देखरेख करणारे, होते, नुकतेच रिटायर झालेले. आम्ही दर रविवारी सकाळच्या एसटीनं न्हावऱ्यावरून दौंडला जायला लागलो.

पहिल्या रविवारी सरांनी फळ्यावर ओहमचा नियम लिहिला. व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स. आप्पा फळ्याकडे बघत बसले. तासाभरानं वही मिटून म्हणाले, "सर, ह्ये माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

सरांनी खडू खाली ठेवला. "आप्पासाहेब, घरापासून लांब गोठ्यात दिवा द्यायचा आहे. वायर कोणती टाकता?"

"जरा जाड."

"का?"

"बारीक टाकली तर दिवा मिणमिणतो. जितकं लांब न्याल तितका जास्ती."

"मग बारीक वायरीचा रेझिस्टन्स जास्त, लांब वायरीचा अजून जास्त. तेवढं व्होल्टेज वाटेतच जातं. हेच मी फळ्यावर लिहिलंय. तुम्हाला येतंय. फक्त नाव माहीत नव्हतं."

आप्पांनी वही पुन्हा उघडली. परतीच्या एसटीत ते एकदम म्हणाले, "म्हंजी आपण इतकी वर्षं ओहमच करत व्हतो म्हण की." दिवसभरात ते पहिल्यांदा हसले.

रविवार दौंडला जायचा. बाकीचे दिवस अभ्यास कुठं करायचा, हा प्रश्न होता. दुकानात बसलं तर गिऱ्हाइकं बघणार. जगताप मिस्त्री पाढे पाठ करतोय, असं गावात होईल, ही आप्पांना धास्ती. त्यांच्या घरी पाहुण्यांची ये-जा फार. शेवटी तेच म्हणाले, "तुज्या घरी बसू. तिकडं मला कोण वळखतंय."

आमचं घर बौद्ध वस्तीत. वस्तीतल्या घरांना वायरिंग आप्पांच्याच दुकानानं केलं होतं, पण त्या वेळी ते मला एकट्याला पाठवायचे. स्वतः कधी आले नव्हते. पहिल्या संध्याकाळी आले ते दारातच घोटाळले. आईनं घोंगडी अंथरली आणि सांगितलं, "बसा आप्पा, उभ्यानं अभ्यास होत नाही." मग चहा ठेवला. आप्पांनी कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चहा घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच मागितला. आठवडाभरात वस्तीतल्या सगळ्यांना कळलं होतं की आप्पा परीक्षेला बसतायत. कोणी हसलं नाही. आमच्या वस्तीत वय झालेल्या माणसानं शिकणं ही हसायची गोष्ट नव्हती.

मी नियमाचं पुस्तक मोठ्यानं वाचायचो आणि आप्पा ऐकायचे. एका संध्याकाळी न्यूट्रलचा नियम आला. घरात दोन तारा येतात. एक फेज, तिच्यातून करंट येतो. दुसरी न्यूट्रल, तिच्यातून तो परत जातो. जादा करंट झाला की फ्यूजची बारीक तार जळते आणि घर वाचतं. पुस्तकात लिहिलं होतं की न्यूट्रलच्या तारेत फ्यूज टाकायचा नाही. तिथं नुसती पितळी पट्टी, म्हणजे लिंक.

मी वाचता वाचता थांबलो. आम्ही प्रत्येक घरात दोन्ही तारांना फ्यूज टाकत होतो.

"चुकीचं छापलंय," आप्पा म्हणाले.

"आप्पा, नियमाचं पुस्तक आहे."

"मी पुण्यात असंच शिकलो. दोन फ्यूज म्हंजी दुप्पट राखण. एक न्हाई उडाला तर दुसरा उडंल. पंधरा वर्षांत एका घराची तक्रार न्हाई." एवढं बोलून ते उठून गेले. चहाही घेतला नाही. दोन दिवस दुकानात माझ्याशी कामापुरतंच बोलले.

तिसऱ्या दिवशी कवठे येमाईहून निरोप आला. तिथल्या एका बागायतदाराच्या घराचं वायरिंग आम्हीच केलं होतं. घरातली लाईट गेली होती. आम्ही मोटारसायकलवरून गेलो. घरात मालकीणबाई होत्या, सगळे त्यांना काकू म्हणायचे. आप्पांनी मेन स्विचजवळच्या फ्यूजकडे जायच्या आधीच त्या म्हणाल्या, "आप्पा, मला काल करंट बसला."

"कशाचा?"

"दिवे गेले, म्हणून म्हटलं, तेवढ्यात जळमटं पुसून घ्यावीत. स्टुलावर चढले, बल्ब काढला आणि ओलसर फडक्यानं होल्डर पुसला. हात असा झटकला की स्टूलच पडलं माझं."

त्यांनी कोपर दाखवलं. काळंनिळं झालं होतं.

"काकू, फ्यूज उडालाय," आप्पा म्हणाले. "घरात करंट यील कुठनं? भास झाला असंल."

काकूंनी स्टूल ओढून होल्डरखाली ठेवलं. मी खिशातून टेस्टर काढला. टेस्टर म्हणजे आत छोटा दिवा असलेला स्क्रू ड्रायव्हर. टोकाला करंट असेल तर तो लालसर पेटतो. मी स्टुलावर चढलो. खटका चालूच होता. होल्डरच्या एका पिनला टेस्टर लावला. पेटला. दुसऱ्या पिनला लावला. तोही पेटला.

आप्पा खालून बघत होते. ते मेन स्विचकडे गेले आणि फ्यूज काढून बघितले. फेजचा शाबूत होता. जळला होता न्यूट्रलचा.

त्याचा अर्थ सरळ होता. परतीची वाट तुटली म्हणून दिवा विझला. पण येणारी तार जिवंतच होती, आणि खटके चालू असलेल्या बाकीच्या दिव्यांतून करंट न्यूट्रलच्या तारेतही आला होता; बल्बपर्यंत, खटक्यापर्यंत सगळीकडे तो उभा होता. घरच्यांना वाटलं, लाईट गेली, आता हात लावायला हरकत नाही. फडकं थोडं जास्त ओलं असतं तर काय झालं असतं, ते आम्हाला दोघांनाही कळत होतं.

आप्पांनी मेन स्विच बंद केला. न्यूट्रलचा फ्यूज काढून टाकला आणि जाड तांब्याच्या तारेची लिंक केली. मग हात पुसत काकूंसमोर उभे राहिले.

"काकू, भास न्हवता. चूक माजी व्हती."

काकूंनी विचारलं, "आता नीट झालं का?"

"व्हय."

"मग बसा. दूध तापलंय, चहा टाकते."

त्या दिवशी परत येताना आप्पांनी मोटारसायकल मध्येच थांबवली. रस्त्याकडेला बसून मला म्हणाले, "आपण केलेली सगळी घरं आठवायला लाग. मी बी आठवतो."

पुढचे दोन महिने आमचा हाच उद्योग होता. दिवसा घरोघर जाऊन फ्यूज काढायचे, लिंक टाकायच्या. संध्याकाळी अभ्यास. लोक विचारायचे, कशाला आलात. पहिल्या दोन-तीन घरांत आप्पांनी "नवीन नियम आलाय" म्हणून सांगितलं. पुढं तेही सोडून दिलं. "आमचं चुकलं व्हतं, दुरुस्त करतोय" असं सरळ सांगायला लागले. मला वाटलं होतं, धंदा बसणार. उलट एकानं शेजारच्या घराचं वायरिंग आम्हाला दिलं. दुसरा एक जण मात्र भडकला आणि त्यानं पुढं कधी आम्हाला बोलावलं नाही. त्याचंही बरोबरच होतं.

एका रविवारी मी फर्नांडिस सरांना हे सगळं सांगितलं. आप्पा मान खाली घालून बसले होते. सर म्हणाले, "जुन्या काळी दोन्हीकडे फ्यूज टाकायची पद्धत होती. तुम्हाला शिकवणाऱ्यानं तेच शिकवलं. पद्धत बदलली, पण तुम्हाला कुणी कळवलं नाही. परीक्षा असते ती यासाठी." मग त्यांनी त्या दिवशीचा धडा पुढं सुरू केला.

परीक्षा पुण्याला होती. लेखी पेपरला आप्पा सावकाश लिहीत होते. सरांनी बजावलं होतं, थोडं लिहा पण बरोबर लिहा. आकृत्या मात्र त्यांनी अशा काढल्या की वर्गावरचे पर्यवेक्षक दोनदा त्यांच्या बाकाशी येऊन थांबले.

तोंडी परीक्षेला आम्हाला जोडीनंच आत बोलावलं. परीक्षक चष्मा लावलेले, शांत गृहस्थ होते. मला त्यांनी अर्थिंग आणि मेगर विचारलं. मेगर म्हणजे वायरीचं रबर कुठं खराब झालंय का ते मोजायचं यंत्र. मी पुस्तकातली वाक्यं धडाधड म्हणून दाखवली. मग ते आप्पांकडे वळले.

"न्यूट्रलमध्ये फ्यूज का नसावा?"

आप्पांनी नियम सांगितला नाही. कवठ्याच्या काकूंची हकिगत सांगितली. स्टूल, फडकं, कोपर, सगळं. कुणी वायरिंग केलं होतं तेही सांगितलं. मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला, पण ते थांबले नाहीत.

परीक्षकांनी चष्मा काढला. "मग पुढं काय केलंत?"

"जेवढी घरं ध्यानात व्हती, तेवढी जाऊन दुरुस्त केली, साहेब. एक-दोन राहिली असतील. त्ये बी शोधतोय."

परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "या तुम्ही."

शेवटी प्रॅक्टिकल. एका फळीवर जिन्याच्या दिव्याचं वायरिंग करायचं होतं, म्हणजे वरून आणि खालून दोन्हीकडून लागणारा आणि विझणारा दिवा. मी आधी आकृती काढली, ती तपासली, वायर मोजली, पुन्हा मोजली. आता माझ्या डोक्यात नियम इतके भरले होते की प्रत्येक स्क्रूला एक नियम आठवत होता. शेजारच्या फळीवर आप्पांनी पट्ट्या ठोकून, क्लिपा मारून, दिवा लावूनसुद्धा दाखवला. घंटा झाली तेव्हा माझा एक स्विच अजून टेबलावरच होता.

निकाल पोस्टानं आला. आप्पा पास. मी लेखी आणि तोंडीत पास, प्रॅक्टिकलमध्ये नापास.

आप्पा पाकीट घेऊन आमच्या घरी आले. आईला पेढे दिले. माझा निकाल पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "फळी आन् हत्यारं हिथंच आणून ठिवतो. उद्यापासनं मी शिकिवतो, तू शीक."

सहा महिने ते मला घड्याळ समोर ठेवून फळीवर राबवत होते. "हात चालव. इचार काम घ्यायच्या आधी करायचा, ठोकताना न्हाई," असं सारखं म्हणायचे. पुढच्या खेपेला मी अर्धा तास शिल्लक ठेवून दिवा लावला. परमिट मिळालं. पुढं सुपरवायझरची परीक्षाही दिली. आप्पांच्या दुकानाच्या पाटीवर माझं नाव त्यांच्या नावाखाली आलं, ते त्यांनीच रंगवून घेतलं होतं.

नंतर मी अनेकांना या परीक्षेला बसवलं. पुस्तक हातात देताना एवढंच सांगतो की नियम वाचता वाचता आपण केलेलं एखादं काम आठवलं आणि ते चुकलंय असं वाटलं, तर पुस्तक तिथंच मिटा. आधी ते काम बघून या. पेपर सहा महिन्यांनी पुन्हा देता येतो.