नंदूचं पहिलं पाऊल आणि आभाळातली तबकडी

चहा गार होऊ देऊ नका. मी हे सांगायला बसले की मध्येच मला स्वतःचा राग येतो आणि गप्प व्हावंसं वाटतं. तसं झालं तर 'मग पुढे?' म्हणून मला ढकलायचं काम तुमचं. फजिती सगळी माझी आहे. कुणाला वाटेकरी करता येत नाही, हेच तिच्यातलं मोठं दुःख.

तर आमचा नंदू दीड वर्षाचा झाला तरी चालेना. रांगला तर तो कधीच नाही. एक हात पुढे टेकायचा आणि बुडावर सरकत जायचा, होडी वल्हवल्यासारखा. समोरच्या घरातली त्याच्याहून लहान मुलगी फाटकापर्यंत दुडुदुडू पळायची आणि मी खिडकीचा पडदा ओढून घ्यायची. डॉक्टर म्हणाले, "पाय चांगले आहेत. काही मुलं उशिरा चालतात. चालेल."

आता सांगा, एवढ्यावर आईला झोप कशी लागावी? औषध नाही, पथ्य नाही, नुसतं 'चालेल'.

यांना सांगावं, तर यांचं लक्ष आभाळात. खरोखरच आभाळात. यांची नोकरी इथे बंगलोरात, संशोधनाची. अवकाशातून येणारे किरण मोजायला उंच फुगे सोडायचे. जेवताना ऐकायचं तेही फुग्याचंच. उद्या सोडणार. वारा फिरला, नाही सोडला. परवा सोडणार. ढग आले. इतक्यांदा ऐकलं की पुढे मी नुसतं 'हो हो' म्हणायला लागले. आणि खरं सांगू? फुगा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे जत्रेतला फुगा यायचा, लाल, दोरा बांधलेला. मी बी.ए. आहे, तेही तर्कशास्त्र घेऊन. हसा, हसा.

मल्लेश्वरमला रंगीत किरणांनी उपचार करणारे एक गृहस्थ होते. त्या किरणवाल्यांचं नाव काढलं आमच्या घरमालकीणबाईंनी, शारदक्कांनी. अक्का धारवाडकडच्या. त्यांच्या जावेचे गुडघे म्हणे तिथे बरे झाले. मी नंदूला काखेत मारलं आणि जयनगरहून बसने मल्लेश्वरम गाठलं. किरणवाले डॉक्टर नव्हते, पण त्यांच्या भिंतीवर डॉक्टरांपेक्षा जास्त तक्ते होते. खिडकीत रंगीत बाटल्यांतून पाणी उन्हात ठेवलेलं. त्यांनी नंदूच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या आणि डोळे मिटले.

"हाडात लाल रंग कमी पडलाय बघा बाई."

"मग?"

"मग काय, द्यायचा की. सकाळचं ऊन लाल काचेतून पायांवर घ्यायचं. या नारिंगी बाटलीतलं पाणी चमचा चमचा पाजायचं. एक मात्र सांभाळा. दुसरे कसले किरण अंगावर पडू द्यायचे नाहीत. हल्ली आभाळात काय काय फिरतंय, पेपरात वाचता नव्हे? त्या उडत्या तबकड्या? त्यांच्या किरणांनी पायातलं बळ जातं. तसलं काही दिसलं तर मूल आत न्यायचं आणि पायांवर पितळ झाकायचं. पितळेतून ते पार होत नाहीत."

तुम्ही विचाराल, तिथून उठून का नाही आलीस? अहो, इतकं सविस्तर मला कुणी काही सांगितलंच नव्हतं ना. डॉक्टर एक शब्द बोलले होते. किरणवाल्यांनी इतकी वाक्यं तर दिली.

घरी यांना काही बोलले नाही. जुन्या दाराची एक लाल काच होती, ती दोन स्टुलांवर आडवी ठेवली आणि रोज सकाळी मागच्या अंगणात नंदूचे पाय तिच्याखाली. नंदू खूश. स्वतःचे लाल पाय बघून खदखदून हसायचा. त्याच्याकडून कसलीच तक्रार नव्हती, चालण्याबद्दलही नव्हती.

मग ती सकाळ उजाडली. हे आदल्या दिवशीच कामावर गेले होते. जाताना दारातून काहीतरी सांगून गेले, मी सवयीने 'हो हो' म्हटलं. अक्कांनी फाटकाबाहेर सडा घालून रांगोळी घातली होती. मी नंदूला काचेखाली बसवलं आणि कंबर मोकळी करावी म्हणून मान वर केली.

निळ्या आभाळात तबकडी.

पांढरी, चकचकीत, घासून पुसून ठेवल्यासारखी. ढग म्हणावं तर कडा कोरलेल्या. विमान म्हणावं तर आवाज नाही, हालचाल नाही. आणि नेमकी आमच्या घरावर. पायातलं बळ जातं म्हणाले होते ना? माझं तर उभ्या उभ्या गेलं.

नंदूला उचललं, पुढच्या व्हरांड्यात चटईवर बसवलं आणि त्याच्या पायांवर पितळी परात पालथी घातली. तो परातीवर तबला वाजवायला लागला. मग मला समोरची मुलगी आठवली. इतके दिवस तिच्यावर जळत होते, पण तिच्या पायांवर हे संकट? नको रे देवा. मी फाटक उघडं टाकून रस्त्यावर धावले.

"अक्का, मुलांना आत घ्या. वर बघा."

माणसांना एका वेळी दोन गोष्टी सांगू नयेत. सगळ्यांनी फक्त दुसरी केली. अक्का आल्या, त्यांचे यजमान, पेन्शनीत निघालेले मास्तर आले, समोरची आई मुलीला कडेवर घेऊन आली. सगळ्यांच्या माना वर.

मास्तर चष्मा पुसून म्हणाले, "रशियाचं असणार."

"रशियाचं इथं काय काम?" अक्का म्हणाल्या.

"बंगलोरची हवा चांगली आहे."

"हलतंय का हो ते?" समोरची विचारत होती.

"नाही हलत," मी अधिकारवाणीने सांगितलं. "कडेला निळसर झाक आहे. आणि खाली काहीतरी बारीक लोंबतंय, पाहा."

"तुझी नजर बरी आहे की गं," अक्का म्हणाल्या.

सांगायला लाज वाटते, पण मला जरा बरंच वाटलं. मी त्यांना पितळेचं सांगितलं. मास्तर हळूच आत गेले आणि देवघरातलं ताम्हन आणून टकलावर धरून उभे राहिले. ते पितळेचं नसून तांब्याचं आहे, यावर नवराबायकोंची थोडी बाचाबाची झाली. तीसुद्धा माना वर ठेवूनच.

"अय्यो," अक्का एकदम म्हणाल्या. "माझा पदर कोण ओढतंय?"

आम्ही खाली पाहिलं.

नंदू. दोन पायांवर उभा. मुठीत अक्कांचा पदर, आणि मान वर. सगळे वर बघतायत म्हणून तोही वर बघत होता.

फाटकापासून अक्कांपर्यंत रांगोळीची पांढरी पावलं उमटली होती. छोटी छोटी, वाकडीतिकडी. गोकुळाष्टमीला अक्का उंबऱ्यापासून देवघरापर्यंत पिठाची काढतात ना, तश्शी.

"कृष्ण बंदा," अक्का म्हणाल्या. कृष्ण आला.

मी विचारलं, "कुणी पाहिलं का हो त्याला, चालताना?"

समोरचीने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी ताम्हन खाली घेतलं. परात व्हरांड्यात उलटून पडली होती. पडताना वाजली असणारच, पण कुणाच्या कानावर आली नाही. मी नंदूला पुन्हा चटईवर बसवलं, समोर उकिडवी बसून हात पसरले, "ये ना रे राजा, एकदाच." तो हसला आणि होडी वल्हवत आला. दुसऱ्या दिवशी चालला माझ्यासमोर, पण ते पहिलं नव्हतं.

संध्याकाळी हे घरी आले. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, आणि चेहरा नंदूच्या वयाचा.

"दिसला का गं? जाताना सांगितलं होतं ना, सकाळी वर बघ म्हणून."

"काय?"

"फुगा. एकदाचा सुटला."

मी मटकन खाली बसले. यांना वाटलं, आनंदाने. प्रश्नांवर प्रश्न. हलत होता का? रंग कसा दिसला? खाली पेटी लोंबत होती? मी सगळं बिनचूक सांगितलं.

"दुर्बिणी घेऊन बसले होते आमचे लोक," हे म्हणाले, "पण तुझ्याइतकं नीट कुणी पाहिलं नाही."

मग मी नंदूचं सांगितलं. "चालला?" हे ओरडलेच. "कसा चालला? धडपडला का? हात पुढे धरले होते?" मला एकाचंही उत्तर देता येईना. रडता रडता लाल काच, परात, तबकडी, सगळं सांगून टाकलं. यांनी नंदूला मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "माझ्या फुग्यापायी झालं गं."

"फुगा तुमचा," मी म्हटलं, "मान माझी."

किरणवाल्यांनी मात्र सगळं श्रेय लाल काचेला दिलं आणि त्यांचे तक्ते भिंतीवर होते तसेच राहिले.

आता नंदू असा पळतो की मला दम लागतो. पण दिवाळीला सासूबाई आल्या, त्याला मांडीवर घेतलं आणि पहिलाच प्रश्न, "पहिलं पाऊल उजवं टाकलंन का डावं?"

मी हातातली करंजी मुरडत राहिले.

"अगं, तू होतीस ना तिथे?"

"होते की," मी म्हटलं. "चार हातांवर होते. फक्त वर बघत होते."