आईने सांगितलेला शेवट

मागच्या शनिवारी अमळनेरला आईशी कडाक्याचं भांडून धुळ्याला परत आले. कारण ऐकलंत तर हसाल... एका सिनेमाचा शेवट.

मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे, हा माझ्यासाठी साधा सिनेमा नव्हता. पहिल्या भागाच्या शेवटी हिरोचा मोठा भाऊ पुरात वाहून गेला आणि पडद्यावर 'क्रमशः' आलं. तो जगला की गेला, या एका प्रश्नावर मी दोन वर्षं काढली आहेत.

आणि या दोन वर्षांत मला सगळ्यात जास्त कोणी छळलं असेल तर ते सिनेमावाल्यांनीच. टीझर, मग ट्रेलर, मग गाण्याचं मेकिंग, मग मुलाखती... शेवटी शेवटी वाटायला लागलं, हे लोक तुकड्या-तुकड्याने अख्खा सिनेमा मोबाईलवरच दाखवून मोकळे होणार. मी यातलं काहीच बघितलं नाही. बँकेतले ग्रुप म्यूट केले. पेट्रोल पंपावरच्या स्क्रीनवर ट्रेलर लागला तेव्हा डोळे मिटून, कान झाकून, मोठ्याने आरती म्हणत उभी राहिले. नवरा चार पावलं लांब जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या भागाचं तिकीट मिळालं रविवारचं. आई मात्र शुक्रवारीच मावशीबरोबर जळगावला जाऊन सिनेमा बघून आली. मी फोनवर बजावलं, एक शब्द बोलायचा नाही.

पण शनिवारी माहेरी होते उडदाचे पापड, मीही मदतीला गेले होते. गल्लीतल्या सात-आठ जणी लाटायला येतात, आज आमच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. आणि लाटता लाटता सिनेमाची स्टोरी सांगायची ती आईनेच. घरचं आवरून थिएटरला जाणं होत नाही, त्यामुळे यातल्या निम्म्या जणींनी कितीतरी सिनेमे आईच्या तोंडूनच बघितलेत. आई सातवी शिकलेली, पण सांगताना मध्ये चहासाठी इंटरव्हलसुद्धा देते.

मी म्हटलं, आई, नको. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. चहा झाला, शेजारच्या अक्कांनी विचारलं, "मंग पुढे काय व्हयनं?" आणि आई सुरू झाली...

मी उठून स्वयंपाकघरात गेले. पण आईचा आवाज भिंतीला थोडाच जुमानतो. भाऊ जिवंत आहे म्हणे... मागचं सगळं विसरलाय आणि एका छोट्या स्टेशनवर चहा विकतोय. हिरो गाडीतून उतरतो, चहा मागतो. तर भाऊ न विचारताच त्याच्या कपात दोन चमचे साखर जास्त घालतो, लहानपणी घालायचा तशी.

बाहेर सगळ्या जणी लाटणी बाजूला ठेवून डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या. मी आत ओट्यापाशी पिठाचे हात म्हणून मनगटाने डोळे पुसत होते. भाऊ सापडला म्हणूनही आणि माझी दोन वर्षं मातीत गेली म्हणूनही.

सगळ्या गेल्यावर आईला वाट्टेल ते बोलले. तुला तुझी हौस भागवायची असते, माझं काही का होईना... असंही बोलले. ती खाली वाकून लाटणी गोळा करत राहिली. मी पापडांचा डबा न घेताच एसटीत बसले.

रविवारी नवऱ्याने ओढतच थिएटरला नेलं, तिकिटं कशाला वाया घालवायची म्हणून. इंटरव्हलनंतर मी त्या स्टेशनची वाट बघत बसले. स्टेशन आलंच नाही. चहा नाही, साखर नाही... आणि शेवटच्या दहा मिनिटांत जे झालं ते बघून मी नवऱ्याचा हात इतका आवळला की तो कळवळला.

थिएटरच्या जिन्यातूनच आईला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "बठ्ठं खोटं शे ते." सगळंच खोटं! बायकांना नाही म्हणवेना आणि माझी दोन वर्षं वाया घालवणंही जिवावर आलं. म्हणून शुक्रवारी परतताना जळगावहून गाडीत बसली आणि वाटेतलं धरणगाव येईपर्यंत तिने भावाला जिवंत केलं.

(म्हणजे तो सिनेमात मेला असं समजू नका, मी काहीच सांगत नाहीये.)

मग मी एवढं बोलले तेव्हा का नाही सांगितलंस? तर म्हणे, सांगितलं असतं तर हा शेवट नाही, एवढं तरी तुला कळलंच असतं. माझे शिव्याशाप ऐकायचीही तयारी ठेवली होती तिने. मी तिथेच पायरीवर बसून तिची माफी मागितली.

पण मग वेगळीच काळजी लागली. मंगळवारी अक्का सुनेबरोबर तोच सिनेमा बघायला जाणार होत्या. आता आईचं पितळ उघडं पडणार, गल्लीत तिच्या स्टोरीवर परत कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि हे सगळं माझ्यापायी. मंगळवारी संध्याकाळी भीत भीतच फोन केला.

अक्का येऊन गेल्या होत्या. दारातूनच म्हणाल्या, "सिनेमावालास्नी शेवट बिघाडी टाका." म्हणजे शेवट बिघडवला तो सिनेमावाल्यांनीच! आणि पुढच्या पापडांना सगळ्यांना आईचाच शेवट परत ऐकायचाय म्हणे.

हे सांगताना आई आवाज अगदी साधा ठेवत होती, पण मला कळत होतं. मी मात्र काही साधं ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी बँकेत मॅनेजरपासून शिपायापर्यंत सगळ्यांना सांगितलं... एवढं मोठं युनिट, एवढे लेखक, एवढा गाजावाजा, आणि माझ्या आईने रेल्वेच्या डब्यात बसून त्यांना मागे टाकलं. मला तिचा फार फार अभिमान वाटतो. तोंडावर म्हणायला जमलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

तेवढं एक बोलले मात्र. फोन ठेवताना आईने हळूच विचारलं होतं, खरं सांग, तुला कोणता आवडला? माझ्यासारख्या फॅनने असं म्हणणं म्हणजे फितुरीच... पण मी क्षणभरही थांबले नाही. तुझा, म्हटलं.